पाखाडी, गुरांची वाट आणि सुगम चढ: रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरउतारावर वसलेल्या एका वाडीत, डांबरी रस्त्यापासून घरांपर्यंत सर्वांना चालता येईल अशी पायवाट करण्याच्या कामाची ही नोंद आहे. कामात खासगी जमिनींच्या वाटाघाटी आणि काही कुटुंबांच्या आजारपणाच्या गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळे गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. स्थापत्य अभियंता म्हणून मी या कामात सल्लागार होतो. पुढील मोजमापे त्या जागेची आहेत, मात्र प्रश्न कोकणातल्या असंख्य वाड्यांचा आहे.

वाडीची रचना कोकणात सर्रास आढळते तशीच आहे. रस्ता वरच्या अंगाला, घरे त्याखाली टप्प्याटप्प्याने, सर्वांत खाली व्हाळ, म्हणजे ओढा, आणि पलीकडे भातमळे. रस्ता आणि घरांचा मुख्य पट्टा यांच्या पातळीत सुमारे ११ मीटरचा फरक आहे. एसटीचा थांबा, रेशन दुकान, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र हे सारे रस्त्याच्या पातळीवर असल्याने घराबाहेरच्या प्रत्येक कामासाठी हा चढ चढावा लागतो आणि परतताना तो उतरावा लागतो. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती ती जांभ्या चिऱ्यांची पाखाडी. सुमारे ७० मीटर लांबीच्या या सरळ वाटेला पन्नासहून अधिक पायऱ्या आहेत.

पाखाडी बांधली गेली तेव्हा वाडी तरुण होती. आज ती तशी नाही, आणि या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. कमावती माणसे मुंबई, ठाणे, पुणे गाठतात आणि गणपती, शिमगा किंवा मे महिन्याच्या सुट्टीला येतात. उरलेल्या दिवसांत वाडीत राहतात ती मुख्यतः म्हातारी माणसे, त्यातही म्हाताऱ्या बायका. त्यांच्या गुडघ्यांनी पाखाडीशी असलेला जुना करार पाळणे सोडून दिले आहे. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यावर येऊन थांबते, आणि घरापासून तिथपर्यंत रुग्णाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या डोलीत घालून न्यावे लागते. डोली उचलायला चार धडधाकट माणसे लागतात, आणि पावसाळ्याच्या आडदिवशी अशी चार माणसे वाडीत मिळतीलच असे नाही.

आमचा प्रवेश होण्याआधी या पाखाडीची एकदा ‘सुधारणा’ झालेली होती. सार्वजनिक निधीतून चिऱ्यांवर सिमेंट काँक्रीटचा थर चढवून नव्या पायऱ्या केल्या गेल्या, काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला आणि फलकही लागला. पण चालणाऱ्याच्या दृष्टीने वाट पूर्वीपेक्षा कठीण झाली होती. आम्ही पायऱ्यांची उंची मोजली तेव्हा ती कुठे १४ सेंटीमीटर, तर कुठे २४ सेंटीमीटर भरली. चालताना पाऊल मागच्या पायरीच्या अंदाजाने पुढची पायरी शोधते. उंची बदलली की तो अंदाज चुकतो आणि तोल जातो. शिवाय काँक्रीटचा पृष्ठभाग थापीने घोटून गुळगुळीत केलेला होता. जांभ्यावरही शेवाळ धरते, परंतु त्याच्या खडबडीत छिद्रांत पायाला थोडी तरी पकड मिळते. घोटलेल्या काँक्रीटवरचे शेवाळ मात्र श्रावणात साबणासारखे होते. हाताला धरायला कठडा नव्हता, आणि वरच्या रस्त्याचे पावसाचे पाणी थेट पायऱ्यांवरूनच खाली येत होते.

यात कोणी लबाडी केली असे मला वाटत नाही. दोष कामाच्या मोजणीतच आहे. अंदाजपत्रकात खोदाई, चिऱ्याचे बांधकाम आणि काँक्रीट या बाबी असतात, मोजमाप पुस्तिकेत त्यांचे घनमीटर लिहिले जातात आणि देयक त्यानुसार निघते. पायऱ्यांची उंची सारखी आहे का, ओल्या दिवसात पाय घसरतो का, सत्तरीची बाई न थांबता किती अंतर चालू शकते, यासाठी पुस्तिकेत रकाना नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली आला, त्यात रस्त्यांच्या सुगम्यतेचाही विचार आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशीसारखे ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून किमान निकष बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. हा निकाल महत्त्वाचा आहे. तो वाडीच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचायचा असेल, तर चढ आणि पायरी यांची मोजणी देयकाच्या अटींत उतरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटेवरची माणसे

आराखडा करण्यापूर्वी ज्यांना ही वाट सर्वांत जड जात होती त्यांच्याबरोबर आम्ही ती चाललो. त्यांत संधिवाताने गुडघे गेलेल्या एक आजी होत्या, अपघातात एक पाय गमावल्याने कुबड्यांवर चालणारे एक काका होते, मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणारे एक गृहस्थ होते, आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन रोज ये-जा करणारी एक मध्यमवयीन बाई होती. वाडीची आशा सेविकाही सोबत होती. गरोदर बायकांना तपासणीसाठी वर न्यायचे काम तिचेच असल्यामुळे तिची निरीक्षणे सर्वांत नेमकी निघाली.

पहिला धडा आजींनी दिला. प्रश्न चढाचा आहे असे आम्ही सारेच गृहीत धरून आलो होतो. आजी मात्र म्हणाल्या, “चढायला काय नाय रं बाबा, बसत बसत येतंय. उतरतानाच भ्या वाटतं.” उतरताना त्या पाखाडीकडे तोंड करून, एक हात वरच्या पायरीवर टेकत, जवळजवळ पाठमोऱ्या खाली येत होत्या. उतरताना शरीराचा सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर पेलावा लागतो. चढताना दम लागला तर थांबता येते, उतरताना तोल गेला तर थांबता येत नाही. त्या क्षणापासून कठडा ही शेवटी पैसे उरले तर बसवायची गोष्ट राहिली नाही, ती आराखड्यातली पहिली बाब ठरली.

कुबड्या वापरणाऱ्या काकांना पायऱ्यांपेक्षा पायऱ्यांमधले तिरके टप्पे अधिक धोक्याचे वाटत होते, कारण कुबडीचे रबर ओल्या उतारावर टिकत नाही. अंधुक दिसणाऱ्या गृहस्थांना पायरीची कडच दिसत नव्हती, कारण सगळे काँक्रीट एकाच राखाडी रंगाचे होते. भारा वाहणाऱ्या बाईंचे म्हणणे सर्वांपेक्षा वेगळे होते. त्यांना बसायला जागा नको होती. डोक्यावरचा भारा कोणाच्या मदतीशिवाय उतरवून ठेवता येईल आणि परत उचलता येईल असा छातीइतका उंच ओटा हवा होता.

चढ, लांबी आणि जमीन

सुगम्यतेच्या निकषांत चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ हा सर्वसाधारणपणे सर्वांत तीव्र चढ मानला जातो, म्हणजे एक मीटर चढण्यासाठी किमान बारा मीटर वाट. एकूण उंची जास्त असेल तर चढ याहूनही सौम्य असणे इष्ट असते. ११ मीटर उंचीसाठी १:१२ प्रमाणे १३२ मीटर वाट लागते, आणि दर ९ मीटरवर दम घ्यायला दीड मीटरचा सपाट टप्पा धरला तर ही लांबी दीडशे मीटरच्या पुढे जाते. पाखाडी होती ७० मीटरची. चढ कमी करायचा म्हणजे लांबी वाढवायची, आणि लांबी वाढली की वाट दुसऱ्याच्या जमिनीत शिरते. बहुतेक ठिकाणी सुगम वाटेचा विचार इथेच सोडून दिला जातो आणि पुन्हा एकदा पायऱ्यांवर काँक्रीट ओतले जाते.

येथे मार्ग निघाला तो एका जुन्या गुराख्यामुळे. वाडीत पूर्वी घरटी गुरे होती आणि ती पाखाडीने कधीच वर जात नसत. दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून उताराला तिरकी कापत जाणारी त्यांची वेगळी वाट होती. गुरे कमी झाली तशी ती वाट रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्यांत बुजून गेली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काठीने झाळकटे बाजूला करत ती आम्हाला दाखवली तेव्हा लक्षात आले की, पोट भरलेले जनावर सरळ चढ टाळून जी रेघ धरते ती आमच्या हिशेबाच्या रेघेच्या फार जवळची होती.

मोजणीसाठी आम्ही गवंड्यांची पाण्याची नळी वापरली. पारदर्शक नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना त्याची पातळी सारखी राहते. ३ मीटरच्या अंतरावर २५ सेंटीमीटर चढ, एवढेच एक माप धरून खुंट्या ठोकत वर जायचे होते. खुंटी आणि जमीन यांच्यात फरक आला की भर किंवा खोदाई किती लागेल ते तिथल्या तिथे कळत होते. हे काम वाडीतल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी केले, आणि याचा पुढे मोठा उपयोग झाला. कारण बांधकामाच्या वेळी ठेकेदाराच्या माणसांनी एका ठिकाणी खोदाई वाचवण्यासाठी चढ वाढवला, तेव्हा तो ओळखून काम थांबवणारी बाई वाडीतलीच होती.

गुरांची वाट सुमारे मीटरभर रुंद होती आणि आम्हाला दोन मीटर हवी होती. म्हणजे दोन्ही बाजूंच्या खातेदारांनी गडगे मागे घेणे आवश्यक होते. वहिवाटीच्या वाटेवर कोणी अडथळा केला असता तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ खाली तो दूर करून घेता आला असता. पण तो कायदा असलेली वाट मोकळी करतो, रुंद करून देत नाही. शिवाय दावा लावून मिळवलेल्या वाटेवरून म्हातारी माणसे रोज त्याच शेजाऱ्याच्या अंगणापासून जाणार, हा विचारही होता. म्हणून संमतीचाच मार्ग धरला.

कोकणातल्या सातबारावर एकेका गटाला वीस-वीस, तीस-तीस नावे असतात. त्यांतले काही मुंबईत, काही गुजरातेत, काही हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. संमतीपत्रावर सर्वांच्या सह्या नसतील तर खासगी जमिनीवर सार्वजनिक पैसा खर्च करायला ग्रामसेवक तयार होत नाहीत, आणि त्यांचे ते चूक नसते. सगळे खातेदार एका ठिकाणी सापडण्याची वेळ वर्षात एकच असते, ती म्हणजे गणपती. त्यामुळे बैठक गौरी-विसर्जनानंतरच्या दिवशी ठेवली गेली.

त्या बैठकीत निर्णायक ठरला तो पालखीचा मुद्दा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. पाखाडीवर पायऱ्या उंचसखल झाल्यापासून पालखी खांद्यावर घेऊन उतरणे भोयांना धोक्याचे झाले होते. पालखी नव्या वाटेने नेता येईल का, असा प्रश्न एका वयस्कर मानकऱ्यांनी विचारला. पालखीचा लांब दांडा वळणावर फिरायचा असेल तर वळणाचा टप्पा प्रशस्त हवा. आम्हाला नेमका तसाच टप्पा रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरसाठी हवा होता, कारण सुमारे दोन मीटर लांबीचे स्ट्रेचर अरुंद वळणावर अडते. जी रुंदी आम्ही आजाऱ्यांसाठी मागत होतो आणि जी द्यायला काही खातेदार कां-कूं करत होते, ती देवासाठी त्यांनी मोकळ्या मनाने दिली. काही जण याला श्रद्धेचा वापर म्हणतील. मला ते तसे वाटत नाही. गावाची सामाईक वाट कशासाठी असते याची त्या माणसांची समज आमच्या आराखड्यापेक्षा जुनी होती, आणि आजारी माणूसही त्याच वाटेने जाणार हे बैठकीत सर्वांना माहीत होते.

एका खातेदारांनी मात्र पोफळीची ओळ तोडायला नकार दिला. त्या झाडांवर त्यांचे वर्षाचे उत्पन्न होते, तेव्हा आग्रह धरणे योग्य नव्हते. परिणामी तिथल्या सुमारे आठ मीटरच्या तुकड्यात चढ १:९ इतका राहिला. संमतीपत्रे पूर्ण झाल्यावर ग्रामसभेत ठराव झाला आणि वाटेची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत झाली. या नोंदीशिवाय पुढच्या कोणत्याही योजनेतून तिच्या दुरुस्तीला पैसे मिळाले नसते, त्यामुळे बांधकामापूर्वीच ती करून घेणे आवश्यक होते.

बांधकाम

कोकणात वाटेचा खरा शत्रू पाणी आहे, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो तिथे आधी पाणी बाजूला काढून मगच वाट बांधावी लागते. डोंगराच्या बाजूने चिऱ्यांची गटार काढली आणि वाटेला आडवा हलका कल दिला, ५० सेंटीमीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता गटारीत जाते आणि खुर्चीही एका बाजूला ओढली जात नाही. दोन ठिकाणी पाणी वाट ओलांडून जात होते. निकषांप्रमाणे तिथे बारीक फटींची लोखंडी जाळी बसवता आली असती. पण आंब्या-फणसाच्या पानांनी ती पहिल्याच पावसात बुजली असती, म्हणून वाटेखालून ह्यूम पाईप टाकले आणि त्यांची तोंडे हात घालून साफ करता येतील एवढी मोठी ठेवली.

पृष्ठभागासाठी काँक्रीटच वापरले, मात्र ते ओले असताना त्यावर चालण्याच्या दिशेला आडवे खराट्याचे ओरखडे काढले. दोन्ही कडांना जांभ्याचा दहा सेंटीमीटर उंचीचा काठ ठेवला. खुर्चीचे चाक घसरले तर तो अडवतो आणि पांढऱ्या काठीला दिशा देतो. काठावर चुन्याचा पट्टा मारला आहे, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यांना लाल मातीतून वाटेची कड वेगळी दिसते. कठड्याला दोन उंचींवर नळ्या आहेत, ९० सेंटीमीटरवर उभ्या माणसासाठी आणि ७० सेंटीमीटरवर मुलांसाठी व खुर्चीतल्या व्यक्तीसाठी. नळीचा व्यास सुमारे ४ सेंटीमीटर ठेवला, कारण त्याहून जाड नळीभोवती म्हाताऱ्या बोटांची मूठ पुरी वळत नाही. सपाट टप्प्यांवर ४५ सेंटीमीटर उंचीचे चिऱ्याचे कट्टे केले, आणि मधल्या वळणावर भारा ठेवायचा उंच ओटा.

जुनी पाखाडी काढून टाकली नाही. चपळ माणसाला सरळ वाट हवीच असते, आणि कुबडी वापरणाऱ्या काहींना लांब उतारापेक्षा सारख्या उंचीच्या, कठडा असलेल्या पायऱ्या सोप्या जातात. म्हणून पायऱ्या पुन्हा एकसारख्या करून तिलाही एका बाजूने कठडा लावला.

खर्च एका योजनेतून भागला नाही. काँक्रीट आणि गटार ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून झाले. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती वाडीपुरती फार नसते, पण कठड्याचा काही भाग त्यातून निघाला. उरलेले मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने वर्गणीतून दिले. वाळू, खडी आणि सिमेंट रस्त्यापासून खाली डोक्यावरून, घमेल्यांनी वाहून न्यावे लागले, आणि या वाहतुकीची मजुरी नेहमीच्या अंदाजपत्रकात फार कमी धरलेली असते. डोंगरउतारावरच्या कामासाठी ती पहिल्याच कागदावर वेगळी बाब म्हणून दाखवावी, अन्यथा तूट कठड्यातून किंवा ओरखड्यांच्या कामातून भरून काढली जाते.

वापरात आल्यावर

पहिल्या पावसाळ्यातच आजी काठी आणि कठडा धरून तोंड पुढे करून उतरू लागल्या. आशा सेविका आता बायकांना तपासणीसाठी भर पावसातही वर नेते. रुग्णाला स्ट्रेचरवरून रस्त्यापर्यंत न्यायला दोन माणसे पुरतात. चाकाच्या खुर्चीबाबत मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे: ही वाट खुर्चीवरच्या व्यक्तीला एकट्याने वापरण्याजोगी नाही. दीडशे मीटरहून लांब चढ स्वतःच्या हातांनी चढवणे बहुतेकांच्या ताकदीबाहेरचे आहे, आणि पोफळीजवळच्या तुकड्यात तर ढकलणाऱ्यालाही जोर लावावा लागतो. मदतनीसासह वापरता येणारी वाट, असेच तिचे वर्णन आम्ही ग्रामपंचायतीला दिलेल्या अहवालात केले आहे.

नवा प्रश्न उभा राहिला तो मोटारसायकलींचा. पायऱ्या नसलेली दोन मीटर रुंद वाट मिळताच तरुण मुले गाड्या थेट घरापर्यंत आणू लागली, आणि ज्या वाटेवर म्हातारी माणसे निर्धास्त चालायला लागली होती तिथे त्यांना पुन्हा कडेला सरकावे लागले. तोंडाशी दगडी खांब रोवावेत अशी सूचना आली. पण खुर्ची जाईल एवढी फट ठेवली तर मोटारसायकलही जाते, आणि मोटारसायकल अडेल एवढी फट ठेवली तर खुर्ची अडते. पालखीच्या वेळी तर कोणताच खांब चालत नाही. शेवटी ग्रामसभेने आजारी माणूस किंवा जड सामान असेल तरच गाडी आणावी, एरवी ती रस्त्यावर लावावी, असा ठराव केला. आठवड्याच्या दिवसांत तो पाळला जातो. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईच्या गाड्या आल्या की तो मोडतो. रस्त्यालगत गाड्या लावायला पुरेशी जागा केल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही असे माझे मत झाले आहे, आणि मूळ आराखड्यातच ती जागा धरायला हवी, असे अशा वाटांचा विचार करणाऱ्या इतर गावांना मी सांगेन.

देखभाल हा उरलेला भाग आहे. शेवाळ खरडून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकणे, पाईपची तोंडे साफ करणे आणि चुन्याचा पट्टा पुन्हा मारणे ही कामे वर्षातून किमान दोनदा लागतात. गणपतीच्या आधीची सफाई वाडी श्रमदानाने करते. जूनच्या पहिल्या आठवड्यातली सफाई मात्र अजून कोणाच्याच नावावर नाही, कारण तेव्हा पेरणीची घाई असते आणि मुंबईकर परत गेलेले असतात. त्यासाठी ग्रामपंचायतीने दरवर्षी मजुरीची तरतूद करावी असा प्रस्ताव दिलेला आहे. घरांपासून खालच्या अंगणवाडीपर्यंतचा दुसरा टप्पा अद्याप झालेला नाही. तिथे व्हाळावरचा लाकडी साकव बदलावा लागेल, आणि पलीकडच्या गटाच्या सातबारावरच्या तीन वारसांच्या सह्या मिळायच्या आहेत.